स्थलांतरित स्त्रियांना द्विभाषिक शिक्षिका म्हणून घडवताना : पुण्यातील संस्था आणि शाळांसाठी मार्गदर्शक

वाघोली, खराडी, हिंजवडी, वाकड, उंड्री, मोशी या भागांत मोठ्या इमारती उभ्या राहत आहेत. त्यांच्या आडोशाला पत्र्याच्या खोल्यांच्या रांगांत बिहार, उत्तर प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा, पश्चिम बंगाल, उत्तर कर्नाटक आणि तेलंगण येथून आलेली कुटुंबे राहतात. त्यांची मुले जवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या मराठी शाळेत दाखल झाली, तरी त्यांतली बरीच मुले कित्येक महिने मागच्या ओळीत गप्प बसून असतात. बाई मनापासून शिकवतात, पण मुलांची भाषा त्यांना येत नाही आणि मुलांना त्यांची येत नाही. त्याच वस्तीत दहावी-बारावीपर्यंत शिकलेली एखादी स्त्री असते. घरची भाषा तिची असतेच आणि पुण्यात चार-पाच वर्षे काढल्यामुळे मराठीही तिला बऱ्यापैकी येते. ती धुणीभांडी करते, साइटवर बिगारी काम करते किंवा घरीच असते. तिला शिक्षिका म्हणून कसे घडवावे, हा या लेखाचा विषय आहे. या कामात भाषा हा सर्वांत अवघड भाग नाही, कारण ती तिच्याजवळ आधीच आहे. अवघड भाग दोन आहेत. दोन भाषा वर्गात कशा वापरायच्या याची पद्धत तिला शिकवावी लागते, आणि शिकण्याच्या काळात तिचे घर चालेल व पुढे तिचे शिक्षण कागदावर मान्य होईल अशी व्यवस्था करावी लागते. पहिल्या भागावर संस्था बरेच कष्ट घेतात आणि दुसऱ्या भागाकडे त्यांचे दुर्लक्ष होते, म्हणून मी दोन्ही भागांना सारखेच महत्त्व देणार आहे.

कायद्याचा आधार थोडक्यात सांगतो, कारण मुख्याध्यापकांशी किंवा विकासकाशी बोलताना तो हाताशी लागतो. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी मिळाव्यात, असे सांगणारा अनुच्छेद ३५०-अ हा १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात आला. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ नुसार शिक्षणाचे माध्यम व्यवहार्य असेल तिथवर मुलाची मातृभाषा असावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेवर भर आहे, आणि ज्या मुलांची घरची भाषा शाळेच्या माध्यमाहून वेगळी आहे त्यांच्यासाठी शिक्षकांनी द्विभाषिक पद्धत व द्विभाषिक साहित्य वापरावे, अशी स्पष्ट शिफारस आहे. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने पन्नासहून अधिक स्त्री कामगार असलेल्या ठिकाणी सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली ठेवण्याचे आणि ती बालसंगोपनाचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांच्या देखरेखीखाली असण्याचे बंधन घातले होते. विकासकाकडे जागा मागताना हा मुद्दा जरूर मांडावा.

पहिली पायरी : वस्तीतील भाषांची नोंद

प्रशिक्षणार्थी निवडण्यापूर्वी मुले कोणत्या भाषेत बोलतात हे पक्के ठाऊक असायला हवे. “मातृभाषा कोणती?” असा थेट प्रश्न विचारला की बहुतेक पालक “हिंदी” असे सांगून मोकळे होतात. प्रत्यक्षात घरात भोजपुरी, मगही, मैथिली किंवा छत्तीसगढी बोलली जात असते. जनगणनेतही भोजपुरी, मगही, छत्तीसगढी आणि लमाणी या भाषा हिंदीखालीच मोजल्या जातात, त्यामुळे सरकारी आकडेवारीवरून वस्तीची भाषा कळत नाही. विजयपूर किंवा कलबुर्गीकडून आलेले लमाण कुटुंब बाहेरच्या माणसाला “कन्नड” असे सांगते, पण आई लेकराशी गोरमाटीत, म्हणजे लमाणीत, बोलते. म्हणून प्रश्न वेगळे विचारावेत. आई मुलाला कोणत्या भाषेत रागावते, आजी फोनवर कोणत्या भाषेत बोलते, भावंडे खेळताना कोणत्या भाषेत भांडतात, आणि गावी परत जाण्याचा विचार कधीचा आहे, हे विचारावे. शेवटचा प्रश्न भाषेचा वाटत नाही, पण मुलाला कोणत्या लिपीत वाचायला शिकवायचे हे पुढे त्याच्याच उत्तरावरून ठरते.

ही नोंद संध्याकाळी सातनंतर किंवा सुट्टीच्या दिवशी घ्यावी, कारण दिवसा वस्तीत मोठी माणसे भेटत नाहीत. पंधरा-वीस घरांच्या नोंदीतूनच चित्र स्पष्ट होऊ लागते.

दुसरी पायरी : निवड

निवड मुकादमाच्या किंवा ठेकेदाराच्या मार्फत करू नये. त्याला भेटून कल्पना अवश्य द्यावी, पण त्याने सुचवलेली स्त्री बहुधा त्याच्याच नात्यातली असते. पुढे तिच्या कामाबद्दल बोलणे अवघड होते आणि ठेकेदार दुसऱ्या साइटवर गेला की तीही जाते. सेंटरिंग, प्लास्टर आणि फरशीच्या टोळ्या काही महिन्यांत जागा बदलतात. त्या मानाने वॉचमन, स्टोअरकीपर आणि लिफ्ट ऑपरेटर यांची कुटुंबे एका प्रकल्पावर जास्त काळ टिकतात. साइट सोडून जवळच्या वस्तीत भाड्याने खोली घेतलेली कुटुंबे सर्वांत स्थिर असतात. आधी या घरांतील स्त्रियांशी बोलावे.

शिक्षणाची अट ठेवताना दोन गट करावेत. बारावी झालेल्या स्त्रीसाठी शिक्षिकेचा मार्ग पुढेही खुला असतो. सातवी-आठवी झालेली स्त्री मदतनीस म्हणून सुरुवात करून पुढची परीक्षा देऊ शकते, म्हणून तिला दारातूनच परत पाठवू नये. लेखी परीक्षेवर मात्र निवड करू नये. उमेदवार स्त्रीला पाच-सहा मुलांसमोर बसवून तिच्या भाषेत एखादी गोष्ट सांगायला लावावी. ती मुलांच्या डोळ्यांत पाहून बोलते का, मध्येच प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प करते की त्याचे ऐकून घेते, आणि गोष्ट संपल्यावर मुले तिच्याभोवती थांबतात का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. मराठीतील चुका या टप्प्यावर मोजू नयेत.

यानंतर घरी जाऊन पती आणि सासू यांच्याशी मोकळेपणाने बोलावे. कामाची वेळ किती, विद्यावेतन किती, सोबत आणखी कोण असते आणि लहान मूल बरोबर आणता येईल का, हे त्यांना स्वच्छ शब्दांत सांगावे. घरातला विरोध सहसा शिक्षणाला नसतो. घरची बाई कुठे आणि कोणाबरोबर असेल हे ठाऊक नसल्यामुळे तो होतो, म्हणून जागा दाखवली की बराचसा मावळतो.

तिसरी पायरी : विद्यावेतन, वेळ आणि जागा

विद्यावेतन पहिल्या दिवसापासून द्यावे. “आधी सहा महिने स्वयंसेविका म्हणून काम करा, मग पाहू” ही पद्धत मला अन्यायाची वाटते, आणि ती टिकतही नाही. धुणीभांड्याची दोन घरे सोडून येणारी स्त्री त्या घरांचे पैसे दरमहा गमावत असते. विद्यावेतन निदान त्या बुडणाऱ्या उत्पन्नाइतके असावे आणि ते तिच्या स्वतःच्या नावाच्या बँक खात्यात जमा व्हावे. खाते नसेल तर ते उघडण्याचे काम संस्थेने पहिल्याच आठवड्यात करून घ्यावे.

प्रशिक्षण वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर असावे. दोन पीएमपी बस बदलून यावे लागले तर पहिल्या पावसातच गळती सुरू होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला बालशिक्षण आदिवासी पाड्यांवर आणि घरांच्या अंगणात नेले. शिक्षिकांच्या प्रशिक्षणालाही तेच लागू पडते. वेळ म्हणून दुपारचे दोन तास, आठवड्यातून पाच दिवस, हे बहुतेकींना जमते, कारण सकाळचे पाणी आणि संध्याकाळचा स्वयंपाक त्यांना सोडता येत नाही. प्रशिक्षणाच्या खोलीशेजारी लहान मुलांसाठी जागा आणि सांभाळणारी एक व्यक्ती असावी.

चौथी पायरी : तिची स्वतःची मराठी

बाजारात, दवाखान्यात आणि मालकिणीशी बोलताना लागणारी मराठी तिला येत असते. वर्गातली मराठी वेगळी असते. जिम कमिन्स या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकाने दाखवून दिले आहे की रोजच्या बोलण्यापुरती नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाची भाषा आत्मसात व्हायला पाच ते सात वर्षे लागतात. हे मुलांना लागू आहे तसेच तिलाही आहे. त्यामुळे पहिले दोन महिने तिच्या मराठीला द्यावेत आणि ती वर्गातील कामाभोवतीच शिकवावी. सूचना देणे, प्रश्न विचारणे, तुलना करणे आणि कारण सांगणे या चार कामांची वाक्ये रोज बोलून घ्यावीत. “यापेक्षा ते लांब आहे”, “तुला असे का वाटते?”, “आधी काय झाले, नंतर काय झाले?” अशी वाक्ये सहज येऊ लागली की पुस्तकातील उतारे घ्यावेत.

चुका भाषेप्रमाणे वेगळ्या असतात आणि प्रशिक्षकाला त्या आधीच माहीत असल्या तर शिकणारीला ओशाळवाणे होत नाही. हिंदी, भोजपुरी किंवा बंगाली बोलणाऱ्या स्त्रीला ‘ळ’ अवघड जातो. कन्नड, तेलुगू आणि ओडिया बोलणाऱ्या स्त्रियांच्या भाषेत तो आहेच, त्यामुळे त्यांना तो सहज येतो. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील ‘च’ वेगवेगळे उच्चारायचे असतात, हे हिंदीभाषक स्त्रीला कोणीतरी सांगावेच लागते. बंगालीत क्रियापद लिंगानुसार बदलत नाही, म्हणून बंगाली स्त्री बराच काळ “मी गेलो” असेच म्हणते. हिंदीत ‘हम’ एकच असल्यामुळे हिंदीभाषक शिक्षिका वर्गात “आम्ही आता मोजू” असे म्हणते आणि मराठी जाणणारी मुले आपल्याला यातून वगळले असे समजून हात बांधून बसतात. तिथे “आपण” हवे. तेलुगूत ‘मनमु’ आणि ‘मेमु’ असा हाच भेद असल्यामुळे तेलुगू स्त्रीला तो एका वाक्यात कळतो. प्रत्येकीच्या वहीत तिच्या भाषेपुरती अशी यादी असावी.

वाचनाच्या बाबतीत देवनागरी आधीच येणाऱ्या स्त्रिया आणि कन्नड, तेलुगू किंवा बंगाली लिपीत शिकलेल्या स्त्रिया यांचे गट काही आठवडे वेगळे ठेवावेत. बंगाली लिपीतील चारचा अंक इंग्रजी आठच्या अंकासारखा दिसतो, एवढी साधी गोष्टही गणिताच्या तासाला गोंधळ घालू शकते.

पाचवी पायरी : दोन भाषांची वर्गपद्धत

हा प्रशिक्षणाचा गाभा आहे आणि निम्म्याहून अधिक वेळ याला द्यावा. दोन भाषा येणारी स्त्री वर्गात उभी राहिली की साहजिकच एक वाक्य मराठीत आणि तेच लगेच घरच्या भाषेत बोलू लागते. ही सवय पहिल्या आठवड्यातच मोडावी लागते. प्रत्येक वाक्याचा अनुवाद लगेच मिळणार हे मुलांना कळले की ती मराठी वाक्य ऐकणेच सोडून देतात. सहा महिन्यांनंतरही मग त्यांची मराठी तिथेच राहते.

त्याऐवजी तासाचे तीन भाग करावेत. सुरुवातीला घरच्या भाषेत विषयाची ओळख आणि मुलांचा अनुभव, मधल्या मोठ्या भागात कृती, चित्रे आणि वस्तू यांच्या आधाराने मराठीत शिकवणे, आणि शेवटी मुलांनी हव्या त्या भाषेत काय समजले ते सांगणे, असा क्रम ठेवावा. कोणत्या भागात कोणती भाषा हे टाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यात, आधी लिहिलेले असावे. एखादे मूल रडत असेल, पडले असेल किंवा घाबरले असेल, तर मात्र टाचण बाजूला ठेवून त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलावे.

उदाहरणादाखल दुसरीतील ‘लांबी मोजणे’ हा घटक घेऊ. बांधकामावरील मुलांना या विषयात भरपूर गती असते, कारण मिस्त्रीचा टेप आणि ओळंबा त्यांनी रोज पाहिलेला असतो. पहिली दहा मिनिटे शिक्षिका त्यांच्या भाषेत विचारते की मिस्त्री भिंत कशी मोजतो आणि टेप नसेल तर काय करतो. हिंदी पट्ट्यातली मुले ‘बित्ता’ म्हणतात, कन्नड मुले ‘गेणु’ म्हणतात. ती फळ्यावर ‘वीत’ लिहून हाताने दाखवते. पुढची वीस मिनिटे मुले जोडीने वही, पाट आणि दार मोजतात. शिक्षिका या वेळी फक्त मराठीत बोलते आणि तीच तीन-चार वाक्ये पुन्हा पुन्हा वापरते : “किती वीत भरले?”, “दार पाटापेक्षा लांब आहे.” शेवटी ती विचारते की एकाच दाराची लांबी एकाने अकरा वीत आणि दुसऱ्याने तेरा वीत का सांगितली. याचे उत्तर मुले ज्या भाषेत विचार करतात त्याच भाषेत येऊ द्यावे, कारण इथे खरा विचार चाललेला असतो. उत्तर आल्यावर ती त्याचे एक मराठी वाक्य फळ्यावर लिहिते आणि सगळे मिळून ते वाचतात.

संख्यावाचनाला स्वतंत्र आठवडा द्यावा. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात आणि वीस नंतर. कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’ आणि तेलुगूत ‘इरवै ऐदु’ म्हणताना वीस आधी येतात आणि पाच नंतर. म्हणून कन्नड किंवा तेलुगू मूल ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिते, तेव्हा त्याचे गणित कच्चे आहे असे मानू नये. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ असे जोडवाचन दिले तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. त्या वादात कोणतीही बाजू घेतली, तरी या मुलांसाठी काही दिवस दोन्ही वाचने शेजारी शेजारी ठेवणे फार उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

वाचन कोणत्या भाषेत आधी शिकवावे याचे एकच उत्तर नाही. हिंदी, भोजपुरी किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलांना लिपी तीच असल्यामुळे त्यांचे स्वतःचे बोलणे देवनागरीत लिहून त्यावरून वाचायला शिकवावे आणि मग मराठी मजकुराकडे न्यावे. गोरमाटीचेही तसेच करता येते. कन्नड, तेलुगू आणि बंगाली मुलांबाबत पहिल्या पायरीतील नोंद पाहावी. कुटुंब पुण्यात राहणार असेल तर चर्चा घरच्या भाषेत आणि वाचन मराठीत ठेवावे. काही महिन्यांत गावी जाणार असेल तर तिथल्या शाळेच्या लिपीची सवय मोडू नये, यासाठी रोज थोडा वेळ त्या लिपीतील वाचनालाही द्यावा.

साहित्य विकत घ्यावे लागत नाही. बालभारती मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, कन्नड, तेलुगू, गुजराती आणि सिंधी अशा आठ भाषांत पाठ्यपुस्तके काढते आणि ती संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. गणिताचे तेच पान मराठी आणि कन्नडमध्ये शेजारी ठेवून प्रशिक्षणार्थींना परिभाषेची तुलना करायला लावणे हा उत्तम सराव आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मुक्त परवान्याच्या संकेतस्थळावर एकच गोष्ट अनेक भारतीय भाषांत सापडते. त्याखेरीज वस्तीतील आज्यांकडून अंगाईगीते, उखाणे आणि गोष्टी गोळा करून त्यांच्या हस्तलिखित पुस्तिका कराव्यात, कारण भोजपुरी किंवा गोरमाटीतील छापील बालसाहित्य सहज मिळत नाही.

सहावी पायरी : वर्गातील सराव

तिसऱ्या महिन्यापासून ती सकाळी वर्गात आणि दुपारी प्रशिक्षणात असावी. दोन आठवडे केवळ निरीक्षण, त्यानंतर महिनाभर अनुभवी शिक्षिकेबरोबर दहा-पंधरा मिनिटांचा एक भाग स्वतः घेणे, आणि मग पूर्ण तास, असे टप्पे ठेवावेत. पुण्यात बांधकामांवरील मुलांसाठी डोअर स्टेप स्कूल आणि तारा मोबाइल क्रेशेस या संस्था दीर्घकाळ काम करीत आहेत, आणि बालशिक्षणाच्या प्रशिक्षणात सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसचा मोठा अनुभव आहे. नव्या गटाने आधी अशा संस्थांची केंद्रे पाहून यावीत.

शाळेत ती गेली की तिचे स्थान काय, हे मुख्याध्यापकांशी आधीच ठरवून घ्यावे. ते ठरले नाही तर तिच्या वाट्याला फडके मारणे आणि रडणाऱ्या मुलांना सांभाळणे एवढेच येते. तिचा रोजचा ठरावीक तास, तिचे टाचण आणि वर्गशिक्षिकेबरोबर आठवड्यातून एक नियोजनाची बैठक, या तीन गोष्टी लेखी असाव्यात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात असा शिक्षण हक्क कायद्याचा नियम आहे, म्हणून त्या समितीत एखादी स्थलांतरित आई यावी यासाठीही प्रयत्न करावा. वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही आणि वयानुरूप वर्गात बसवून त्याला विशेष प्रशिक्षण द्यायचे असते, हे तिला स्वतःला नीट माहीत हवे. वस्तीतील आया हे प्रश्न तिलाच विचारणार असतात.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत सवलत नसावी. प्रत्येक प्रशिक्षणार्थीची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यावी, आणि मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा, २०१२ मधील तरतुदी तिच्या घरच्या भाषेत समजावून सांगाव्यात.

सातवी पायरी : कागदपत्रे आणि पुढचा मार्ग

प्रशिक्षण संपल्यावर कागद जमवायला घेतले तर उशीर होतो, म्हणून हे काम पहिल्या महिन्यात सुरू करावे. शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका बहुधा गावी माहेरी असतात. आधारवर सासरचे नाव आणि गुणपत्रिकेवर माहेरचे नाव असते. गावच्या शाळेला पत्र पाठवून दुय्यम प्रत मागवणे आणि नावातील फरकासाठी प्रतिज्ञापत्र व राजपत्राची प्रक्रिया करणे, यांत महिने जातात. दहावी किंवा बारावी राहिलेल्या स्त्रीला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून हिंदी माध्यमातूनही परीक्षा देता येते.

पुढच्या मार्गाबद्दल तिला खोटी आशा दाखवू नये. प्राथमिक शाळेत नियमित शिक्षिका होण्यासाठी बारावीनंतर दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका आणि शिक्षक पात्रता परीक्षा लागते. या परीक्षेत १५० गुणांपैकी खुल्या प्रवर्गाला ६० टक्के मिळवावे लागतात. पहिल्या पेपरात दोन भाषांना प्रत्येकी ३० गुण असल्यामुळे दोन भाषांवरील तिचे प्रभुत्व तिथे कामी येते. सरकारी नोकऱ्यांसाठी लागणाऱ्या अधिवास प्रमाणपत्राला साधारणपणे राज्यात १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते, आणि ही अडचण अनेकींना सर्वांत मोठी ठरते. अंगणवाडी भरतीच्या जाहिरातीतील रहिवासाच्या आणि भाषेच्या अटी तिच्यासोबत बसून वाचाव्यात. पाळणाघरे, खासगी बालवाड्या आणि संस्थांची केंद्रे इथे काम लवकर मिळते. संस्थेने आपल्या केंद्रांतील जागा भरताना तिला प्राधान्य द्यावे आणि मदतनीस न म्हणता शिक्षिका या पदाचा पगार द्यावा.

प्रगतीचे मोजमाप आणि स्थलांतर

दर महिन्याला ती तास घेत असताना वीस मिनिटे वर्गात बसून तीन गोष्टी टिपाव्यात : किती मुले स्वतःहून बोलली, मराठीच्या भागात तिने किती वेळा लगेच अनुवाद केला, आणि प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी ती किती थांबली. दुसरा आकडा कमी होऊ लागला आणि पहिला वाढू लागला की पद्धत रुजते आहे असे समजावे. नोंद तिच्यासमोर ठेवून, आधी तिचे मत विचारून मगच आपले सांगावे.

काही जणी प्रशिक्षण पूर्ण होण्याआधीच हैदराबाद, सुरत किंवा गावाकडे जातील. त्यासाठी प्रत्येकीची एक फाइल पहिल्या दिवसापासून तयार ठेवावी. तिच्यात पूर्ण केलेल्या तासांचे सही-शिक्क्यासह प्रमाणपत्र, तिने लिहिलेली टाचणे, निरीक्षणाच्या नोंदी, तिने गोळा केलेल्या गोष्टींची पुस्तिका आणि हिंदी किंवा इंग्रजीत लिहिलेले शिफारसपत्र असावे. या सर्वांची छायाचित्रे तिच्या मोबाइलवरही द्यावीत. जिथे ती जाणार असेल तिथे काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला आधी फोन करून तिचे नाव कळवावे आणि महिन्याभराने तिला फोन करून तिथे कोणाशी गाठ पडली ते विचारावे.